मतदान केंद्रावरील सेवा

निवडणूक जवळ आली म्हणजे आमच्या उमरखेड गावात दोन प्रकारची धावपळ सुरू होते. एक सर्वांच्या दृष्टीस पडते; ती ध्वनिक्षेपकांची, पताकांची आणि पुढाऱ्यांच्या मोटारींची. दुसरी मात्र शिक्षकांच्या खोलीत, तलाठ्याच्या कचेरीत आणि बँकेच्या काचेमागे चालते. तहसील कार्यालयातून नियुक्तीचे आदेश येतात, आणि ज्याच्या हाती ते पडतात त्याचा चेहरा क्षणभर तरी उतरतो. कोणास अकस्मात जुना रक्तदाब आठवतो, कोणाच्या घरी नेमके त्याच तारखेस लग्नकार्य निघते, आणि कोणी वरपर्यंत ओळख असलेल्या एखाद्या गृहस्थाचा शोध घेऊ लागतो. आदेश रद्द करून आणणारा मनुष्य मित्रमंडळीत चतुर म्हणून वाखाणला जातो. जो निमूटपणे पिशवी भरू लागतो तो भोळा ठरतो. हे लोकमत आम्हांस मान्य नाही. निवडणुकीचे काम कष्टाचे आहे, गैरसोयीचे आहे, आणि त्यात सुधारणा होणे अगत्याचे आहे, हे आम्ही पुढे सांगणारच आहोत. तथापि ते चुकविण्याजोगे काम नव्हे. किंबहुना शिक्षकाच्या वाट्यास येणाऱ्या सार्वजनिक कामांत त्याच्याइतके मोठे काम दुसरे क्वचितच असेल, असे आमचे मत आहे, आणि ते अनुभवाअंती बनलेले आहे.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. निवडणूक आयोगास स्वतःचे कचेरी-मंडळ थोडकेच आहे. प्रत्यक्ष मतदान घेण्यासाठी लागणारी माणसे मात्र सरकारांनी आयोगास पुरवावीत अशी तजवीज राज्यघटनेच्या ३२४ व्या कलमात आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे अशी नेमणूक झालेला कर्मचारी तेवढ्या काळापुरता आयोगाच्या सेवेत गेला असे समजले जाते. म्हणजे काल जो आमच्या शाळेत भूगोल शिकवीत होता, तो त्या एका दिवसापुरता कोणत्याही मंत्र्याचा, कोणत्याही पक्षाचा वा कोणत्याही संस्थाचालकाचा चाकर नसतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदारांची संख्या सुमारे ९७ कोटी होती, मतदान केंद्रे साडेदहा लाख होती, आणि आयोगाच्या सांगण्याप्रमाणे अधिकारी व सुरक्षारक्षक मिळून दीड कोटी माणसे या कामी लागली होती. एवढा मोठा व्याप पगारी निवडणूक-नोकरांवर चालणे शक्यच नाही. तो शिक्षक, ग्रामसेवक, कारकून व अंगणवाडी सेविका यांच्या खांद्यांवर चालतो.

आमच्या तालुक्याची गोष्ट तर थोडी निराळीच आहे. उमरखेड हा यवतमाळ जिल्ह्याचा दक्षिणेकडील कोपरा होय. विधानसभेसाठी आमचा मतदारसंघ अनुसूचित जातींकरिता राखीव आहे. लोकसभेसाठी मात्र आम्ही हिंगोलीत मोडतो, आणि शेजारचे पुसद यवतमाळ-वाशीममध्ये. एका बाजूस पैनगंगेचे पात्र, दुसऱ्या बाजूस अभयारण्याचे रान, आणि त्या रानात ज्यास आपण 'बंदी भाग' म्हणतो ती विखुरलेली खेडी व तांडे. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी साहित्य वाटपाच्या मांडवात आपला क्रमांक शोधावयाचा, यंत्रे व पिशव्या मोजून घ्यावयाच्या, चार अनोळखी सहकाऱ्यांशी ओळख करून घ्यावयाची आणि एस.टी.च्या गाडीत बसून निघावयाचे. उतरावे तेथे बहुधा जिल्हा परिषदेची शाळा असते. तिच्या फरशीवर सतरंजी अंथरून रात्र काढावयाची. दिवा असला तर असतो, पंखा असला तर फिरतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच वाजता अभिरूप मतदान घ्यावे लागते. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष निदान पन्नास मते यंत्रात टाकावयाची, निकाल दाखवावयाचा, व्हीव्हीपॅटमधील चिठ्ठ्यांशी तो ताडून पाहावयाचा, आणि मग ती सर्व मते यंत्रातून पुसून यंत्र मोहोरबंद करावयाचे. त्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात बंद होतात. मग केंद्राध्यक्ष मतदानाच्या गुप्ततेसंबंधीचे कायद्याचे १२८ वे कलम मोठ्याने वाचून दाखवितो, आणि सात वाजता दार उघडते. पहिला मतदान अधिकारी यादीतील नाव व ओळखपत्र पाहतो. दुसरा नोंदवहीत सही अथवा अंगठा घेऊन डाव्या हाताच्या तर्जनीस शाई लावतो व चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन नियंत्रण यंत्राचे बटण दाबतो. पुढचे सात सेकंद मतदार आपले मत काचेतून स्वतः पाहतो. इतकेच हे काम. ऐकावयास सोपे वाटते. परंतु सायंकाळी सहापर्यंत ते हजाराहून अधिक वेळा, प्रत्येक वेळी अगदी पहिल्या वेळेइतक्याच लक्षपूर्वक, करावे लागते. आणि तेथेच माणसाची परीक्षा होते.

या परीक्षेत आम्ही स्वतः एकदा नापास झालो आहोत. ती हकिकत सांगितल्यावाचून या लेखास अर्थ नाही.

एका विधानसभा निवडणुकीत आम्ही पहिले मतदान अधिकारी होतो. अकराच्या सुमारास रांग अंगणाबाहेर गेली होती. बायकांच्या रांगेत लहान मुले रडत होती, बाहेर कोणीतरी "लवकर आटपा" म्हणून ओरडत होते, आणि आम्ही छायाचित्राकडे डोळे लावण्याऐवजी नावावरून बोट फिरवून पुढच्याकडे वळत होतो. कोणत्याही प्रतिनिधीने हरकत घेतली नाही, म्हणून आम्हीही थांबलो नाही. तिसऱ्या प्रहरी एक प्रौढ बाई कापसाची वेचणी आटोपून आली. ओळखपत्र तिचे, चेहरा तिचा, नावही तिचेच. परंतु यादीत त्या नावाखाली आमच्याच हाताची लाल रेघ ओढलेली होती. तिच्या नावावर दुसरेच कोणी मत देऊन गेले होते. तिची बोटे कोरी होती. त्यांवर शाईचा ठिपका नव्हता, कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते.

अशा प्रसंगी कायद्यात उपाय आहे. ज्याच्या नावावर आधीच मत पडले आहे, त्याची ओळख पटल्यास त्यास छापील मतपत्रिका देतात; ती यंत्रात न जाता निराळ्या पाकिटात बंद होते. तिला 'प्रदत्त मत' म्हणतात. केंद्राध्यक्षांनी ती बाईस दिली. तिने शिक्का मारला, कागद घडी घालून दिला, आणि जाता जाता आम्हांस विचारले, "गुरुजी, हे कागदाचं मत मोजतेत ना?" खरे उत्तर असे होते की, सामान्यतः ते मोजले जात नाही, पुढे न्यायालयात निवडणुकीस आव्हान दिले गेले आणि न्यायालयास आवश्यक वाटले, तरच ते उघडले जाते. आम्ही तिला खरे उत्तर दिले नाही. "जपून ठेवतात, बाई," एवढेच म्हणालो. ती समाधानाने गेली. पाच वर्षांतून एकदा राज्याने तिला विचारले होते, आणि तिचे उत्तर आमच्या घाईमुळे पाकिटात पडून राहिले. त्या दिवसापासून निवडणुकीच्या कामास 'बिगार' म्हणण्याचे धैर्य आम्हांस झालेले नाही. जे काम वाईट केल्याने दुसऱ्याचा एवढा मोठा हक्क बुडतो, ते काम क्षुद्र कसे म्हणावे?

दुसरा एक प्रसंग याच्या उलट आहे. बंदी भागातील एका केंद्रावर आम्ही केंद्राध्यक्ष असता गावातील एक वजनदार गृहस्थ एका वृद्ध आजीबाईंस हाताशी धरून आत घेऊन आले. "म्हातारीला दिसत नाही, सर. बटण मीच दाबतो," असे ते सहज म्हणाले. प्रतिनिधींपैकी कोणी तोंड उघडले नाही. दृष्टी नसल्यामुळे वा शरीराच्या व्यंगामुळे ज्यास चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही, त्यास सोबती नेण्याची मुभा नियमाने आहे; परंतु ती खरोखर गरज आहे की नाही हे केंद्राध्यक्षाने ठरवावयाचे असते. सोबत्याचे वय अठरा वर्षांहून कमी नसावे, त्याने गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, आणि एका दिवसात एकाहून अधिक मतदारांचा सोबती होऊ नये. निरक्षरता हे सोबत्यासाठी कारण होऊ शकत नाही. निरक्षरांसाठीच तर चिन्हे निर्माण झाली. आम्ही आजीबाईंस भिंतीवर लावलेला उमेदवारांचा तक्ता दाखवून विचारले, "आजी, यावरची चित्रं दिसतात का?" आजींनी एकेक चित्राचे नाव घेण्यास आरंभ केला. आम्हीच त्यांस थांबविले, न जाणो आवडते चित्र त्या मोठ्याने सांगून बसतील. गृहस्थ बाहेर थांबले. आजी एकट्या आत गेल्या. त्यांनी कोणास मत दिले हे आम्हांस ठाऊक नाही. कदाचित त्याच गृहस्थांच्या उमेदवारास दिले असेल. परंतु ते त्यांनी दिले, एवढे आम्हांस पक्के ठाऊक आहे.

आपल्या देशात हा अधिकार किती नवा आहे, याचा आपणांस विसर पडतो. इंग्रजी अमलात मिळकत, कर वा शिक्षण यांच्या अटी पुऱ्या करणारांसच मत होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रथमच एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास ते मिळाले. त्या वेळी आमचा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि पैनगंगेच्या पलीकडचे गाव हैदराबाद राज्यात होते. सतरा कोटींवर मतदार, त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवारास चिन्ह देऊन त्याची निराळी पेटी ठेवण्यात आली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. अनेक स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशीच नोंद केली होती. आयोगाने अशा नोंदी स्वीकारण्याचे नाकारले, आणि सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे त्या खेपेस यादीतून गळली. निर्णय कठोर होता. परंतु त्यामागील तत्त्व असे की, मत हे कोणाच्या आईचे वा बायकोचे नसते, ते ज्या त्या व्यक्तीचे असते. आमच्या टेबलाजवळ येणारी प्रत्येक स्त्री आज आपले नाव स्वतः सांगते. ते नाव नीट ऐकणे हे आमचे काम आहे.

त्याच निवडणुकीतील आणखी एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावी. हिमाचल प्रदेशातील हिमवर्षावाच्या मुलखात मतदान आधी उरकण्यात आले, आणि २५ ऑक्टोबर १९५१ रोजी ज्यांनी प्रथम मत दिले असे मानले जाते, ते श्याम सरन नेगी हे शाळामास्तर होते. त्या दिवशी ते स्वतः निवडणुकीच्या कामावर नेमलेले होते. कामास जाण्यापूर्वी आपल्या गावी मत देऊ द्यावे, अशी त्यांनी विनंती केली आणि ती मान्य झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये, वयाची शंभरी उलटल्यावर, मृत्यूच्या अवघे तीन दिवस आधी त्यांनी घरून टपाली मतपत्रिकेने शेवटचे मत दिले. स्वतंत्र भारताचा पहिला मतदार हा निवडणुकीचे काम करणारा शिक्षक होता, याचा आम्हां शिक्षकांस अभिमान वाटावा.

आता दुसरी बाजू. काम थोर आहे म्हणून करणाऱ्याचे हाल व्हावेत, असे कोणत्याही न्यायात बसत नाही. १ जून २०२४ रोजी लोकसभेच्या शेवटच्या टप्प्यात एकट्या उत्तर प्रदेशात उष्म्यामुळे तेहतीस मतदान कर्मचारी मृत्युमुखी पडल्याचे तेथील मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. आमच्याकडे २६ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले. विदर्भातील एप्रिल कसा असतो हे वाचकांस सांगावयास नको. केंद्रावर सावली, पिण्याचे पाणी, वेळेवर जेवण, आणि स्त्री कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छ शौचालय व रात्री घरी पोहोचविण्याची सोय या गोष्टी मेहेरबानीच्या नव्हेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने केंद्राध्यक्षाचे दैनिक मानधन ३५० रुपयांवरून ५०० आणि मतदान अधिकाऱ्याचे २५० वरून ४०० केले, हे योग्य झाले; परंतु मध्यरात्री साहित्य जमा करून रिकाम्या एस.टी. स्थानकावर बसलेल्या शिक्षिकेस वाढीव दीडशे रुपयांपेक्षा घरापर्यंतची गाडी अधिक मोलाची वाटेल.

दुसरी मागणी शाळेसंबंधी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांस अन्य कामांपासून मोकळे ठेवले, पण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांस अपवाद केले. त्याआधी ६ डिसेंबर २००७ रोजी, दिल्लीतील सेंट मेरीज स्कूलच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षकांस मतदारयादीचे व निवडणुकीचे काम सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे. अध्यापनाच्या वेळी ते सामान्यतः देऊ नये. मतदानाचा एक दिवस कोणीही नाकारीत नाही. वर्गाचे खरे नुकसान होते ते यादीच्या फेऱ्यांत व वारंवारच्या प्रशिक्षणांत. ही कामे सुट्टीच्या दिवशी घ्यावीत, आणि त्या सुट्टीचा मोबदला द्यावा. मुलांचा तास बुडवून लोकशाहीची सेवा होत नाही.

तिसरी मागणी आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. इतरांचे मत घेणाऱ्याचे स्वतःचे मत राहू नये. ज्याची नेमणूक स्वतःच्याच मतदारसंघात झाली, त्यास काम असलेल्या केंद्रावर प्रमाणपत्राने मत देता येते. ज्याची बाहेर झाली, त्याने आधीच अर्ज करून सुविधा केंद्रात टपाली मत द्यावयाचे असते. उमरखेडच्या शिक्षकास लोकसभेच्या वेळी पुसदला पाठविले तर तो जिल्ह्यात राहूनही आपल्या मतदारसंघाबाहेर जातो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आम्ही स्वतः एकदा अर्ज वेळेत न भरल्याने मताविना राहिलो. तो दोष आमचाच होता. तथापि नियुक्तीच्या आदेशासोबतच हा अर्ज भरून घेतला जावा आणि एकाही कर्मचाऱ्याचे मत शिल्लक राहिले नाही याची खातरजमा व्हावी, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणतील की, हल्ली यंत्रांवरच लोकांचा संशय. मग टेबलावरील माणसाच्या प्रामाणिकपणास किंमत ती काय? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली ती २६ एप्रिल २०२४ रोजीच, म्हणजे आमचे मतदार ज्या दिवशी रांगेत उभे होते त्याच दिवशी. तो वाद विद्वानांनी अवश्य चालवावा. परंतु सामान्य मतदाराचा विश्वास यंत्राच्या आत डोकावून बसत नाही. तो समोर बसलेल्या माणसांच्या वागण्यावरून बसतो. पहाटे सर्वांदेखत यंत्र तपासले गेले काय, रांगेत ओळखीच्या माणसास पुढे घेतले काय, दिवसअखेर एकूण मतांच्या हिशेबाची प्रत प्रत्येक प्रतिनिधीच्या हाती दिली काय, हेच तो पाहतो.

सायंकाळचे सहा वाजले म्हणजे एक लहानसा विधी होतो. दार बंद करण्याची वेळ झाली तरी रांगेत उभ्या असलेल्या कोणास परत पाठवावयाचे नसते. केंद्राध्यक्ष सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर जातो आणि त्या वाटण्यास शेपटाकडून आरंभ करतो. पहिली चिठ्ठी सर्वांत शेवटी उभ्या असलेल्यास. हेतू व्यवहाराचा आहे, मागून कोणी नवा घुसू नये एवढाच. परंतु आम्ही जेव्हा जेव्हा हे काम केले, तेव्हा शेवटी उभा असलेला मनुष्य बहुधा शेतावरून थेट आलेला मजूरच निघाला, आणि पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी हाती पडताच तो गोंधळून म्हणाला, "मी तर शेवटी हाय, गुरुजी." त्यास समजावून सांगण्यात आम्हांस दरवेळी आनंद वाटला आहे.

आता विद्यार्थ्यांस दोन शब्द. तुमच्यापैकी वरच्या वर्गातील काहींस लवकरच अठरावे वर्ष लागेल. मतदाराचे वय एकवीसवरून अठरा झाले ते १९८९ पासून. आणि आता जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखांपैकी कोणत्याही तारखेस अठरा पूर्ण झालेल्यास नाव नोंदविता येते. ते वेळेवर नोंदवा. परंतु आमची आणखी एक सूचना आहे. वर्गप्रतिनिधीची निवडणूक होते तेव्हा उमेदवार होण्यास सर्व धावतात. टेबलावर बसून यादी तपासण्यास कोणी तयार नसतो. यापुढे एक वर्ष तरी तुम्ही ते काम मागून घ्या. आपला जिवलग मित्र उमेदवार असता त्याचे एक बाद मत बाद म्हणण्याची पाळी येऊ द्या. त्या एका क्षणात नागरिकशास्त्राचा जो धडा मिळेल, तो आम्हांस फळ्यावर शिकविता येणार नाही.

आणि आमच्या व्यवसायबंधूंस व भगिनींस इतकेच सांगणे आहे की, पुढच्या खेपेस आदेश येईल तेव्हा तो रद्द करविण्यासाठी कोणाचे दार ठोठावू नये. सोयी मागाव्यात, हक्काने मागाव्यात. पण कामास जावे, आणि पहिल्या टेबलावर बसावयास मिळाले तर छायाचित्राकडे नीट पाहावे. रांग कितीही मोठी असली तरी थांबून पाहावे. तिसऱ्या प्रहरी वेचणी आटोपून कोणीतरी येणार आहे.